बोरिवली ते बंगळूर, माईंना घेऊन

मुंबई ते बंगळूर विमानाने पावणेदोन तास लागतात. तिकिटावर तसं लिहिलेलं असतं, विमानातली मुलगीही माइकवरून तसंच सांगते. त्यात खोटं काही नाही. पण मी ज्या म्हाताऱ्या माणसांना तिकडे घेऊन गेले, त्यांच्यातलं एकही माणूस पावणेदोन तासांत पोचलं नाही. काहींना दिवस लागला, काहींना महिना लागला. माई तर पोचल्याच नाहीत.

माझं काम सोबतीचं. एका मुलाच्या घरून म्हातारी आई किंवा बाप घ्यायचा, दुसऱ्या मुलाच्या घरी नेऊन पोचवायचा, चार दिवस राहून तिथल्या बाईला सगळं शिकवायचं आणि परत यायचं. आधी मी साधी आया होते. अंधेरी, मुलुंड, बोरिवली, जिथे कोणी अंथरुणाला लागेल तिथे जायचे आणि संध्याकाळी घाटकोपरला घरी यायचे. अंधेरीच्या एका घरातल्या आजी माझ्याशिवाय कोणाच्या हातून घास घेईनात, तेव्हा त्यांच्या मुलाने आजींबरोबर मलाही विमानात बसवून हैदराबादला नेलं. तेव्हा मी साठी ओलांडलेली. लोक मला विचारतात, पहिल्यांदा विमानात बसलात तेव्हा कसं वाटलं? काही वाटलं नाही. शेजारी बाई ओली झालेली, तिला पट्टा बांधलेला आणि पट्टा सोडायला बंदी. अशा वेळी ढग कोण बघतं?

त्या घराने दुसऱ्या घराला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. आयाचं काम सुटलं आणि हेच राहिलं. माझी शाळा चौथीपर्यंतची. इंग्रजी येत नाही. गेटचे आकडे वाचता येतात आणि बाकीचं तोंड उघडून विचारता येतं.

बाहेरून हे काम सोपं दिसतं. चाकाची खुर्ची मिळते, ढकलायला माणूस मिळतो, तुम्ही फक्त पर्स धरून मागून चाला. असं समजणाऱ्यांनी एकदा करून बघावं. जायच्या दिवशी सकाळपासून पाणी बेताने द्यायचं, पण इतकंही कमी नाही की जीभ कोरडी पडेल. डायपर घालायचा आणि विमानात चढायच्या आधी तो बदलायचाच, कारण विमानातल्या संडासात एक माणूस धड वळत नाही, तिथे दोघींनी काय करायचं? साडी नको, गाऊन बरा. पण साडीशिवाय घराबाहेर पाय न ठेवणाऱ्या बायका असतात, त्यांना आतून गाऊन आणि वरून नुसता पदर पांघरायचा. गोळ्या माझ्या हातातल्या पिशवीत, सामानात कधीच नाही. आणि कनवटीला खडीसाखर. विमान खाली उतरायला लागलं की कान दुखतात. आपण आवंढा गिळतो. ज्याचं डोकं फिरलंय त्याला आवंढा गिळा म्हणून सांगून कळत नाही. तोंडात खडा ठेवला की तो आपोआप गिळतो.

तपासणी ही सगळ्यात वाईट जागा. पडद्याआड एक पोलीस बाई यंत्र फिरवते. कमरेत, गुडघ्यात लोखंड बसवलेलं असलं की ते वाजतं. मग पुन्हा फिरवते. म्हाताऱ्या माणसाला वाटतं, आपण काही चोरलं. मी बघितलंय, चांगल्या घरातल्या बायका तिथे रडायला लागतात आणि 'मी काही घेतलं नाही हो' म्हणतात.

काही गमतीही होत. मुलुंडचे एक आजोबा होते, बसचे कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. त्यांना दिल्लीला मुलीकडे नेत होते. विमान वर जाऊन सरळ झालं तसे ते उठले आणि रांगेतल्या लोकांकडे तिकिटं मागायला लागले. लोक भले, सगळ्यांनी आपापले पास दाखवले. कोट घातलेल्या एका माणसाने मात्र मान फिरवली. आजोबा त्याला म्हणाले, "पुढच्या स्टॉपला उतरायचं. नाटकं माझ्या गाडीत नाही चालणार." अख्खं विमान हसलं. तो माणूसही हसला आणि त्याने पास काढला. आजोबांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "हं. बसा."

तेव्हा मी लोकांना सांगायचे, माणूस बायकोचं नाव विसरतं, मुलांची नावं विसरतं, पण नोकरी शेवटपर्यंत विसरत नाही. माईंना बघितल्यावर ते सांगणंही सोडलं.

माई बोरिवलीच्या. मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या, म्हणजे माझ्याच बाजूच्या. नवरा वारला होता. जन्मभर टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी. लोकांनी ट्रंक कॉल लावला की एका गावाची तार दुसऱ्या गावाला जोडून द्यायची, असं ते काम. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा काठी घेऊन चालत होत्या, बोलत होत्या, फक्त मधूनमधून सुटायच्या. मला कधी मावशी म्हणायच्या, कधी सुपरवायझर समजून, "मॅडम, माझी ड्युटी संपली, मी जाऊ?" असं विचारायच्या. मी म्हणायचे, "जा." मग त्या बाल्कनीपर्यंत जाऊन परत यायच्या.

त्यांना दोन मुलगे. थोरला सतीश बोरिवलीला, माईंच्याच घरात. त्याची बायको ज्योती ऑफिसात जाते. दोन खोल्या, एक मुलगी, तिचा अभ्यास. धाकटा निखिल बंगळूरला. मोठं घर, लिफ्ट, पाहुण्यांची वेगळी खोली, पण नवराबायको दोघंही घरूनच ऑफिसचं काम करत दिवसभर कानाला यंत्र लावून बसलेली. दोघा भावांनी ठरवलं होतं, आई सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे. होळी झाली की बोरिवली आणि दिवाळी झाली की बंगळूर.

ही वाटणी काही नवीन नाही. आमच्या गावी माझी सासूही अशीच पाळीने राहायची. दोन मुलगे, एकच घर, मध्ये एक भिंत घातलेली. सहा महिने झाले की ती आपली वळकटी काखेत मारायची आणि या चुलीवरून त्या चुलीवर जायची. विहीर तीच, पडवी तीच, शेजारीण तीच. मांजरही तिच्या मागून भिंतीपलीकडे जायचं. पाळी बदलली म्हणजे फक्त वाढणारा हात बदलायचा. त्यात म्हातारीचं काही बिघडत नव्हतं, उलट जावाजावांचं भांडण टळायचं. सतीश आणि निखिलने तेच केलं. फक्त त्यांच्या मधली भिंत पावणेदोन तासांची होती.

पहिल्या खेपेला सगळं झकास झालं. तपासणीच्या पडद्याआड पोलीस बाई म्हणाली, "आजी, हात वर करा."

माई म्हणाल्या, "लाइनवर राहा हं."

"कुठे लावताय फोन?"

"बँगलोर. लाइन बिझी आहे. तुम्ही अर्जंट करता का? अर्जंटला जास्त पडतील."

ती बाई इतकी हसली की यंत्र फिरवायचं विसरली. विमानात माईंनी खिडकी मागितली, सगळी बिस्किटं पर्समध्ये भरली आणि उतरताना वैमानिकाला सांगितलं, "नीट जोडलंत." बोरिवलीहून विमानतळाला सव्वा तास, तिथे बसायचे दोन तास, विमानाचे पावणेदोन आणि बंगळूरचा विमानतळ गावाबाहेर, तिथून निखिलच्या घरी आणखी दोन तास. घरी पोचेपर्यंत माई पांढऱ्या पडल्या होत्या. पण निखिलने दारातच पाया पडून त्यांना मिठी मारली, तशा त्या त्याच्या पाठीवर चापट मारत म्हणाल्या, "वाळलास रे. खायला घालत नाही का कोणी?" सून मागेच उभी होती. तिने मनाला लावून घेतलं नाही. चांगली मुलगी.

मी हे मुद्दाम लिहिते, कारण लोकांना असल्या गोष्टीत एक वाईट सून आणि एक वाईट मुलगा लागतो. इथे तसलं कोणी नव्हतं.

बिघडलं ते येण्याजाण्यात. होळीनंतर माईंना परत आणलं. बंगळूरला खोलीतून बाहेर पडलं की संडास डावीकडे, बोरिवलीला उजवीकडे. माई डावीकडे जायच्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. भिंतीवर हात फिरवून दार शोधायच्या. महिना-दोन महिन्यांनी उजवीकडे वळायला लागल्या. घर डोक्यात बसलं, जेवायला लागल्या, झोपायला लागल्या, तोवर दिवाळी आली. मग तिकडे जाऊन पुन्हा भिंत. दर खेपेला घर कळायला आधीपेक्षा जास्त दिवस लागत आणि कळल्यावर राहायला आधीपेक्षा कमी दिवस उरत. दोघा मुलांनाही हे दिसत नव्हतं, कारण प्रत्येकाला अर्धंच दिसत होतं. इकडून जाताना बऱ्या होऊन जायच्या, तिकडे बिघडलेल्या पोचायच्या. मग इकडचा म्हणायचा, "माझ्याकडे ठीक होती," आणि तिकडचाही तेच म्हणायचा. अख्खं फक्त मला दिसत होतं, कारण मधल्या रस्त्यावर मी होते.

मी दोघांनाही सांगितलं. सतीश म्हणाला, "मावशी, पावणेदोन तास तर आहेत. मला ऑफिसला जायला तेवढे लागतात."

मी तेव्हापासून एक गोष्ट पक्की धरून आहे. विमान नसतं आणि आगगाडीने रात्रंदिवस जायचं असतं, तर माईंना कोणी हलवलं नसतं. दोघे म्हणाले असते, लांब आहे, आईला झेपायचं नाही. माई एका जागी राहिल्या असत्या. कोणती का असेना, एक जागा. अंतर कमी झालं म्हणून त्या बाईची वाट लागली.

तिसऱ्या खेपेला बंगळूरला माई पडल्या. बोरिवलीच्या सवयीने उजवीकडे वळल्या. तिथे भांडी घासायच्या जागेकडे जाणारी एक पायरी होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत लोखंडी पट्टी बसवली. निखिल मला फोनवर रडत रडत म्हणाला, "मावशी, मी मीटिंगमध्ये होतो हो, शेजारच्याच खोलीत." होळी होऊन गेली तरी डॉक्टर विमानात बसवू देईनात. माईंना आणायला म्हणून मी गेले आणि तिथेच अडकले. तेव्हा दोघा भावांचं फोनवर बोलणं माझ्यासमोर झालं. निखिलने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला होता.

सतीश म्हणाला, "तुझे दिवस जास्त होतायत. ते पुढच्या पाळीतून वळते करू."

"नको रे दादा, मी करतो ना. आई आहे माझी."

"माझी पण आहे. उद्या तुझ्या बायकोने म्हणायला नको, आम्हीच जास्त केलं म्हणून."

सून मागून म्हणाली, "मी असं कधी म्हटलंय?"

"आता नाही गं, पुढे कधीतरी. नियम तो नियम."

इतके सरळ मुलगे मी बघितले नाहीत. दोघांपैकी एकाला जरी आई ठेवून घ्यायचा हट्ट असता, किंवा एक जरी नालायक निघाला असता, तरी माईंचं भलं झालं असतं.

परत आल्या त्या खाटेवरच, आणि सतीशने मला दिवसा त्यांच्यापाशीच ठेवून घेतलं. उभं केलं तर माझ्या आधाराने खुर्चीपर्यंत. टेलिफोन संपला होता. नातीचं नाव गेलं, ज्योतीचं गेलं. नोकरी राहते म्हणत होते ना मी, तीही गेली. बोलणं मालवणीवर आलं, लहानपणीचं. ते घरात फक्त मला नीट कळायचं. तरीही हळूहळू त्या घरात रुळल्या. खाट खिडकीशी होती. मनोरीची एक कोळीण आठवड्यातून दोनदा इमारतीत यायची. तिची हाक जिन्यात ऐकली की माई मान वळवायच्या. ती टोपली थेट खाटेशी आणून ठेवायची.

"माई, बघा पापलेट. आत्ता उतरवलाय बोटीतून."

मासा ताजा आहे का बघायला माई टोपलीत बोट घालून कल्ला उघडायच्या. ते हाताला येत होतं. "आत्ता?" म्हणायच्या. "होडी काय चार दीस वाटेत होती?"

"आता तुमच्यापुढे माझं काय चालणार!"

"त्या पोरीफुडे चालव," माई ज्योतीकडे हात करायच्या. "तिका काय कळता?"

ज्योती आतून ओरडायची, "ऐकू येतंय हं मला!"

बस, एवढंच. आठवड्यातून दोनदा एवढं बोलणं. बाकीचा वेळ खिडकी, भात, झोप. पण त्यात रडणं नव्हतं. हात झाडणं नव्हतं. चेहरा सैल पडला होता. म्हाताऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काही देता येत नाही, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगते.

दिवाळी जवळ आली तशी मी एका रविवारी सतीशला बसवलं. ज्योतीही बसली. निखिलला फोन लावला.

मी म्हटलं, "दादा, या वेळी नेऊ नका. त्यांना आता ही एकच खाट कळते. ही सुटली तर दुसरी लागायची नाही."

सतीश बराच वेळ टेबलावरचा डाग नखाने खरवडत बसला. मग म्हणाला, "मावशी, तुम्हाला वाटतं मला कळत नाही? पण हे घर आईच्या नावावर आहे. आई कायमची इथेच राहिली, इथेच गेली, तर निखिलला काय वाटेल? घरासाठी अडकवून ठेवली असंच ना?"

फोनमधून निखिल म्हणाला, "दादा, काहीतरी काय बोलतोस? मला असलं काही वाटत नाही." मग म्हणाला, "पण मावशी, मला पण आईचं करायचंय. ती माझ्या घरात पडली. ते तसंच ठेवून कसं चालेल? मी आता पायरी काढून टाकलीय. चोवीस तास बाई ठेवलीय. मला एक संधी तर द्या."

"तुमच्यासाठी नेऊ का त्यांच्यासाठी?" मी विचारलं.



मी ज्योतीकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे नका बघू मावशी. मी खरं सांगू? मला सहा महिने झोप नाही. पोरीचं बारावीचं वर्ष आहे. आई राहिल्या तर मी नाही म्हणणार नाही. पण राहू द्या असंही माझ्या तोंडून निघणार नाही."

तिचंही खोटं नव्हतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नेता येईल, पावणेदोन तासांचाच प्रश्न आहे. शेवटी मीच त्यांची पिशवी भरली. मी नाही गेले तर दुसरी कोणी गेली असती आणि तिला खडीसाखरेचं ठाऊक नसतं. हे मी स्वतःला सांगितलं. आजही तेच सांगते.

त्या खेपेला यंत्र वाजलं, खुब्यातल्या पट्टीमुळे. पोलीस बाई दुसरी होती, घाईत होती. माई काही बोलल्या नाहीत. विमानात त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. खाली उतरताना मी तोंडात खडा ठेवला, तर तो त्यांनी गिळला नाही, तसाच गालात राहिला आणि लाळ बाहेर आली. मग कान दुखायला लागले आणि त्या ओरडायला लागल्या. बाई ओरडतात तशा नाही, जनावर ओरडतं तशा. पुढच्या रांगेतला एक मुलगा फोन उंच करून चित्र घ्यायला लागला. मी त्याला म्हटलं, "तुझी आई आहे ना रे घरी? तिचं घे." त्याने फोन खाली केला. विमानातली मुलगी येऊन माईंच्या पायाशी गुडघ्यांवर बसली आणि विमान टेकेपर्यंत तिथेच बसून राहिली. पट्टा न लावता. तिला नोकरीत बोलणी बसली असतील.

निखिलने घर खरंच सजवलं होतं. पायरी नव्हती, भिंतींना धरायला दांडे होते, खाट खिडकीशी होती. बोरिवलीसारखी. त्याने फोटो मागवून तशी लावली होती. माईंना खुर्चीवर बसवलं आणि मी त्यांच्या पायांतल्या चपला काढायला खाली वाकले. त्यांनी पाय मागे घेतला.

"नको," म्हणाल्या. "आजून जावचा आसा."

मी म्हटलं, "माई, पोचलो आपण. निखिलचं घर."

"खंय?" त्यांनी सगळीकडे बघितलं. खिडकी बघितली, खाट बघितली, निखिलला बघितलं. मग पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या. कुठल्यातरी स्टँडवर गाडीची वाट बघत बसावं तशा.

त्यानंतर त्यांनी चपला काढू दिल्या नाहीत. आपल्याकडे माणूस घरात शिरताना पहिली चप्पल काढतं. माईंच्या लेखी त्या घरात शिरल्याच नव्हत्या. चपला काढल्या की हातपाय झाडायच्या, घातल्या की गप्प. झोपेत काढल्या तर जागं झाल्यावर आधी पायांकडे हात. शेवटी मी चपला साबणाने धुतल्या आणि खाटेवरही पायांत तशाच ठेवल्या. पांढऱ्या चादरीवर चपला बघून सून रडायला लागली. मी म्हटलं, "धुतल्यात मी. राहू देत."

जेवणाचंही तसंच. प्रवासात कमी खायचं, पाणी बेताने प्यायचं, ही माझीच शिस्त. ती त्यांनी धरून ठेवली. घास तोंडाशी नेला की, "आता नको, वाटेत अडचण जातली." निखिल कामं टाकून शेजारी बसायचा. "आई, मी निखिल. मऊभात केलाय, मेतकूट घालून." त्या त्याच्याकडे परक्या सहप्रवाशाकडे बघावं तसं बघायच्या आणि म्हणायच्या, "तुमी खावा. माका उतराचा आसा."

मी चार दिवसांसाठी गेले होते, ती राहिलेच. निखिलने सतीशला फोन केला, "दादा, तिकडे आणू का परत?" सतीश म्हणाला, "अरे, तुझी पाळी आहे, मी कशी अडवू? तू म्हणशील तसं." निखिल म्हणाला, "नाही, तू सांग." दोघेही दुसऱ्याला निर्णयाचा मान देत राहिले. मी म्हटलं, आता कुठेच नेऊ नका, आता पुन्हा उचललंत तर विमानातच जातील. तेवढं मात्र ऐकलं.

डॉक्टर आले, नळी लावली. माईंनी ती ओढून काढली. पाय सुजले आणि चपलेचे पट्टे कातडीत रुतायला लागले, तेव्हा मी कात्रीने पट्टे कापले आणि वरून सैल फडकं बांधलं, चपलांचे तळ तसेच पायांखाली ठेवून. त्यांना ते चाललं. एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "किती येळ लागतलो गो?" मी खोटं कधी बोलत नाही, पण पोचलो म्हटलं तरी त्यांना ते खोटंच वाटत होतं. मी म्हटलं, "आता जास्त नाय." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सून चहा ठेवत असताना त्या गेल्या.

सतीश दुपारच्या विमानाने आला. दारातच निखिलच्या गळ्यात पडून रडला. माईंना खाली निजवताना चपलांचे ते तळ मी सोडवले. तळ काढल्यावर त्यांच्या पायांची बोटं सैल झाली असं मला वाटलं, पण तसं काही झालं नसणार. मेलेल्या माणसाचं काही सैल होत नाही. मी खूप बघितली आहेत.

विद्युतदाहिनीत नेलं. अस्थी दोन कलशांत घेतल्या. कोणी सांगावं लागलं नाही. एक कावेरीसाठी, एक नाशिकसाठी. निघताना निखिल मला जिन्यात बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, खरं सांगा. आई माझ्याकडे बरी होती ना? शेवटी माझं नाव घेतलं?" मी म्हटलं, "नाही, बाबा." तो मान खाली घालून आत गेला.

परतीच्या विमानात सतीश माझ्या शेजारी होता, कलश मांडीवर घेऊन. मला वाटलं तो रडतोय. बघितलं तर डोळे कोरडे होते आणि तो समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होता. मग म्हणाला, "मावशी, एक विचारू? आईने बोरिवलीचं नाव काढलं का? घरी जायचंय, सतीशकडे जायचंय, असं काही?"

"नाही," मी म्हटलं.

"आणि निखिलचं?"

"त्याचंही नाही. कोणाचंच घेतलं नाही त्यांनी. दोन्ही घरांचं काही राहिलं नव्हतं त्यांच्या डोक्यात."

मला वाटलं आता तरी तो फुटेल. त्याने कलश जरा सरळ केला, मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "म्हणजे दोघांचं सारखंच."

मग त्याने मान मागे टेकवली. मुंबई येईपर्यंत तो शांत झोपला होता.